साहेब नाराज आहेत

तिला सगळे नाराजबाई म्हणायचे. खरं तर तिच्याइतकी न रुसणारी बाई शोधून सापडली नसती. रुसायला माणसाला निवांतपणा लागतो, तो तिच्या नशिबी नव्हता. ती टीव्हीवर राजकारणाच्या बातम्या द्यायची. म्हणजे काय, तर हातात चॅनलची डबी लावलेला माईक, कानात ऑफिसचा आवाज आणणारं बोंडूक आणि पाठीमागे एखाद्या पुढाऱ्याचं बंद फाटक. आतल्या माणसाच्या मनात काय शिजतंय ते बाहेर रस्त्यावर उभं राहून सांगायचं. बायकोला नवऱ्याच्या मनातलं जन्मभर शेजारी झोपून कळत नाही. पण यांना फाटकाबाहेरून कळायचं, आणि पगारही मिळायचा.

नाव कसं पडलं ते आधी सांगायला हवं. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

तेव्हा ती या कामात नवी होती. निवडणूक होऊन नवं सरकार बसत होतं, आणि सगळे चॅनलवाले साहेबांच्या फाटकाशी तळ ठोकून होते. साहेबांचा पक्ष चिमूटभर. पण मीठही चिमूटभरच असतं. त्यांच्या टेकूशिवाय कुणाचंच छप्पर उभं राहायचं नाही. साहेब काय म्हणतात याकडे सगळ्यांचे डोळे, आणि साहेब सकाळपासून खोलीबाहेर आले नव्हते.

फाटकावरच्या बातमीदारांचा आपसात एक नियम होता. ज्याला जे कळेल ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं आणि एकाच वेळी बोलायचं. एकाने एकट्याने बोलायचं नाही. कारण एक बोलला की बाकीच्यांच्या कानात त्यांची ऑफिसं ओरडतात, "त्याला कळलं, तुला का नाही कळलं?" नियम करणारा टकलू. दुसऱ्या चॅनलचा जुना, मुरलेला बातमीदार. डोक्यावर केस नव्हते, पण जिभेवर काटे होते, असं लोक म्हणायचे.

तर त्या दिवशी तिच्या कानात संपादक सारखा म्हणत होता, "काहीतरी दे."

"काही नाहीये, सर. फाटक बंद आहे."

"'काही नाही' ही बातमी नसते. काहीतरी दे."

तेवढ्यात फाटकाचं छोटं दार उघडलं. आतली बाई न्याहारीचा ट्रे घेऊन पहारेकऱ्यांकडे आली. टोस्ट, अंडी, कापलेली फळं, कशालाही हात लागलेला नव्हता. पहारेकरी खूश झाले आणि उभ्या उभ्या खाऊ लागले. तिने पाहिलं. रुसलेला माणूस पहिलं ताट सरकवतो, हे तिने घरोघरी पाहिलेलं. आणि नेमका त्याच वेळी स्टुडिओतून प्रश्न आला, "आत वातावरण कसं आहे?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. "साहेब नाराज आहेत," ती म्हणाली, "अशी आमच्या सूत्रांची माहिती आहे."

सूत्रं म्हणजे तो ट्रे.

टकलूच्या कानात लगेच आरडाओरड झाली. त्याने तिच्याकडे असं पाहिलं की दूध नासावं. पण करतो काय बिचारा! त्यानेही कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगितलं, साहेब नाराज आहेत. मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. दुपार व्हायच्या आत सगळ्या चॅनलच्या पट्ट्यांवर साहेब नाराज झाले. आणि तिचा संपादक कानात म्हणाला, "शाबास! आता तर सगळेच म्हणतायत. म्हणजे पक्की बातमी." आपण शेजारणीला दिलेली भाजी तिच्या वाटीतून आपल्याकडेच परत यावी, आणि आपण म्हणावं, बाई किती उदार, त्यातली गत.

संध्याकाळी सरकारचे होणारे प्रमुख फुलं घेऊन साहेबांची समजूत काढायला आले. साहेब वर्षानुवर्षं ज्या खात्यासाठी झुरत होते, ते खातं त्यांच्या पदरात पडलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला आत बोलावलं.

"कुणी सांगितलं तुला, मी नाराज आहे?"

तिने ट्रेचं खरं सांगून टाकलं.

"अगं पोरी, पोट बिघडलं होतं माझं! सकाळपासून संडासात बसून होतो. तिथे कळलं की मी नाराज आहे." साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग डोळे पुसून एकदम शांतपणे म्हणाले, "माझ्या तोंडातून निघायच्या आधी तुझ्या तोंडातून निघालं. आता असंच चालू दे."

तिला तेव्हा वाटलं, नशीब उघडलं. पिंजऱ्याचं दारही उघडंच असतं, पाखरू आत जाईपर्यंत.

त्यानंतर तिची चढती कमान. इतरांना फाटक, हिला दिवाणखाना. साहेबांना काही हवं झालं की फोन यायचा, "सांग, नाराज आहे म्हणून." तिने सांगायचं. दोन दिवसांनी साहेबांना ते मिळायचं. मग फोन, "सांग, नाराजी दूर झाली." तिने तेही सांगायचं. साहेब कुणावर नाराज, कशावरून नाराज, हे कधीकधी साहेबांनाही ठाऊक नसायचं. "ते तू बघ," म्हणायचे. तिला बढती मिळाली, ऑफिसात काचेची खोली मिळाली, कसली कसली मानचिन्हं मिळाली. टकलूने नाव ठेवलं नाराजबाई, आणि ते असं चिकटलं की पहारेकरीसुद्धा म्हणायला लागले.

एकदा तिने साहेबांच्या पुतण्याने बांधलेल्या पुलाची बातमी आणली. पुलाला वर्षाच्या आत तडे गेले होते. संपादकाने चित्रफीत पाहिली, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "बातमी झकास आहे. पण गाय आपली आणि आपणच तिच्या शेपटीला फटाका बांधायचा?" मग तिने दुसरं काम मागितलं. आरोग्य द्या, खेळ द्या, हवामान द्या. संपादक हसला. "तुझा चेहरा दिसला की लोकांना साहेब आठवतात. तू पाऊस येणार म्हणालीस तर लोक विचारतील, साहेबांनी पाठवला का?" दुसऱ्या चॅनलवाल्यांनी तिला बोलावलं, पण साहेबांसकट. साहेबांशिवाय ती कुणालाच नको होती. म्हणतात ना, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. फरक इतकाच, की हिचं तोंड दाबलेलं नव्हतं. ते रोज घरोघरी दिसत होतं, हलत होतं, बोलत होतं. फक्त तिचं नव्हतं.

घरी दोघीच. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदा यायचा. सासू मात्र पक्की जमिनीवरची. सून टीव्हीवर दिसली की म्हातारी चष्मा लावून बसायची, आणि सून घरी आली की हिशेब मांडायची.

"आज पण रुसला का तुझा साहेब?"

"हो आई."

"अगं, लग्नात नवऱ्या मुलाची आत्या रुसते, ती एकदा. हा जन्मभर रुसतोय. आणि तू त्याची करवली."

"कामच आहे माझं ते."

"काम कर गं. पण एखाद दिवस टीव्हीवर तू पण बोल. मी इतकी वर्षं बघतेय, तुझा एक शब्द ऐकला नाही मी अजून."

टोचलं तिला. सासूच्या बोलण्यात सुई असायची, पण सुई टोचल्याशिवाय फाटलेलं शिवलं जात नाही, हेही तितकंच खरं.

मग एका सकाळी ती साहेबांच्या दिवाणखान्यात गेली. कॅमेरामन बाहेर गाडीत. त्याला सगळे मामा म्हणत. साहेब खुर्चीत बसले होते, समोर टीव्ही. पट्टी पळत होती. तिनेच आदल्या दिवशी दिलेली बातमी, साहेब नाराज आहेत. साहेब ओठ हलवत ती पट्टी वाचत होते. तिला पाहून चेहरा उजळला.

"ये, ये! तू तर सगळं जाणतेस. बरं झालं आलीस."

"नमस्कार साहेब."

"हे लोक म्हणतायत मी नाराज आहे." त्यांनी टीव्हीकडे बोट केलं, आणि आवाज खाली आणला. "कुणावर गं?"

ती हसायला गेली. हसू अर्ध्यावर थांबलं. साहेब गंमत करत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत एक भ्यालेला माणूस बसला होता आणि तो तिच्याकडे उत्तर मागत होता.

हे डोळे तिने पाहिले होते. तिच्या सासऱ्यांना शेवटची काही वर्षं विसरायचा आजार होता. तिने आणि सासूने मिळून काढलं त्यांचं सगळं. तिला या आजाराच्या लबाड्या तोंडपाठ होत्या. नाव आठवलं नाही की माणूस म्हणतो, "तू तर आपलीच." प्रश्न कळला नाही की म्हणतो, "तुझं काय मत?" बोलणं जास्तच गोड होतं, कारण गोड बोलणाऱ्याला कुणी उलट विचारत नाही. आणि साहेब गेले कित्येक महिने किती गोड झाले होते! तिला वाटत होतं, वय झालं.

"साहेब, मी कोण?" तिने हळूच विचारलं.

"वा! तू कोण! तू नसतीस तर आमचं कसं झालं असतं?"

तेवढ्यात खासगी सचिव आत आला. हल्ली नाराजीचे फोन तोच करायचा. इस्त्रीचा सदरा आणि इस्त्रीचाच चेहरा. "साहेब थकलेत," म्हणाला, आणि तिला दारापर्यंत सोडायला आला. दारात थांबून म्हणाला, "तुमच्या लक्षात आलंच असेल."

"किती दिवस झाले?"

"ते महत्त्वाचं नाही. या आठवड्यात काय होतंय ते महत्त्वाचं आहे."

होत होतं असं, की सरकार कोसळलं होतं. दोन मोठे पक्ष एकमेकांना खुर्ची देईनात. मांजरांच्या भांडणात लोणी तिसऱ्याकडे जातं, तसं दोघांनी मिळून ठरवलं, सरकारचे प्रमुख साहेब. वयस्कर, हल्ली सगळ्यांशी गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोन दिवसांनी शपथविधी.

"तोवर साहेबांना कुणी भेटायला यायला नको," सचिव म्हणाला. "तुम्ही सांगा, खात्यांच्या वाटपावरून साहेब नाराज आहेत, कुणालाच भेटत नाहीत. लोक विश्वास ठेवतील. तुम्ही सांगितलं की ठेवतातच."

"आणि शपथ झाल्यावर?"

"आम्ही आहोत ना."

इस्त्रीच्या चेहऱ्याला तेवढी एकच सुरकुती पडली, हसण्याची. आणि तिला सगळं उजेडात दिसलं. खुर्चीवर साहेब बसणार, सही साहेबांची होणार, आणि राज्य हा करणार. ज्याला एकाही माणसाने मत दिलं नव्हतं, तो. आणि दाराला कडी लावायला त्याने तिलाच उभं केलं होतं.

बाहेर मामा गाडीत वाट पाहत होता. "काय सांगायचं, बाई?"

"आज पोट दुखतंय, मामा. घरी सोड."

सासू तांदूळ निवडत बसली होती. सुनेचं तोंड बघून तिने सूप बाजूला ठेवलं. सुनेने सगळं सांगितलं. म्हातारी पहिल्यांदाच टोमणा न मारता ऐकत राहिली.

"आई, दुखणं ज्याचं त्याचं असतं. ते चव्हाट्यावर मांडायचं? आपल्या बाबांचं कुणी असं टीव्हीवर सांगितलं असतं तर?"

"बाबा घरात बसले होते गं. घरात बसला तर घराचं दुखणं. आपण बाबांच्या हातात शेवटी दुकानाची किल्लीसुद्धा देत नव्हतो. तो माणूस उद्या सगळ्यांच्या घरांच्या किल्ल्या घेणार, आणि त्या दुसऱ्याच्याच खिशात जाणार."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. पोळ्या लाटशील. माझ्या हाताखाली अजून नीट शिकलेली नाहीस तू."

दोघी हसल्या. तिला हलकं वाटलं. इतकी वर्षं ती शोधत होती तो दरवाजा समोर होता, एक खरं वाक्य. ते बोलायचं आणि बाहेर पडायचं. साहेबांना वाचवायचं, लोकांना वाचवायचं, आणि आपलं तोंड परत घ्यायचं. शपथेच्या आत लोकांना ते पटायला हवं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी फाटकावर ती उभी राहिली. मामाने कॅमेरा लावला. स्टुडिओतून विचारलं, "साहेबांच्या नाराजीबद्दल काय सांगाल?"

"साहेब नाराज नाहीत," ती म्हणाली. "साहेब आजारी आहेत. त्यांना विसरायचा आजार आहे. ही सूत्रांची माहिती नाही, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना मी कोण हे सांगता आलं नाही. या माणसाला कृपा करून खुर्चीवर बसवू नका. त्यांना उपचारांची आणि विश्रांतीची गरज आहे."

मामाने कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं. कानात शांतता. एवढी शांतता तिच्या कानाने कधी ऐकली नव्हती. तिला वाटलं, झालं, सुटले.

मग संपादकाचा आवाज आला, आणि तो आनंदाने चिरकत होता. "अगं काय चाल आहे ही! नाराजीच्या पुढची पायरी! कुणी सुचवलं, साहेबांनी?"

"सर, मी खरं सांगतेय."

"हेच, याच आवाजात परत बोल."

पाच मिनिटांत पट्टी आली, 'साहेब आजारी, की नव्या मागणीची तयारी?' स्टुडिओत चार शहाणे बसले. एक म्हणाला, राजकीय आजार आहे हा, याचं औषध अर्थखातं. दुसरा म्हणाला, विसरलो म्हणजे जुनी आश्वासनं विसरलो, असा इशारा दिलाय. तिसरा म्हणाला, संदेश कुणाच्या तोंडून आला ते बघा, म्हणजे कळेल कुणी पाठवला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

टकलू हात जोडत आला. "नाराजबाई, मानलं तुम्हाला. या वेळी ताट नाही, अख्खं स्वयंपाकघरच मागितलं की!"

"अरे बाबा, माणूस आजारी आहे खरंच."

"हो ना. आम्ही पण तेच देतोय, 'खरंच आजारी असल्याचा दावा'."

"तुझी शपथ. माझ्या सासऱ्यांची शपथ."

टकलूच्या चेहऱ्यावरची मस्करी सरकली. "समजा, खरं असलं," तो हळू आवाजात म्हणाला, "तरी मी काय सांगू ऑफिसला? नाराजबाई खरं बोलल्या म्हणून? नोकरी आहे मला." आणि तो आपल्या कॅमेऱ्याकडे गेला.

सचिव फाटकाबाहेर आला. ती मनातून टरकली, पण म्हटलं, हा चिडेल, नाकारेल, म्हणजे लोकांना संशय येईल. तो चिडला नाही. सगळ्या माईकांसमोर मंद हसून म्हणाला, "साहेबांची तब्येत ठणठणीत आहे. त्यांच्या मनाला मात्र काही गोष्टी लागल्या आहेत. बाकी आमच्या बाई सांगतातच." आणि जाताना तिच्या कानाशी म्हणाला, "मी फक्त नाराज म्हणायला सांगितलं होतं. तुम्ही तर माझ्याही पुढे गेलात."

संध्याकाळी दोन्ही मोठ्या पक्षांचे नेते फुलं घेऊन आले. साहेब खिडकीत उभे राहून हात हलवत होते. हात हलवायला आठवण लागत नाही. अर्थखातंही साहेबांकडेच ठेवायचं ठरलं. विहिरीतून वर यायला तिने दोर धरला होता, आणि वरच्यांनी त्याच दोराने बादली भरून घेतली.

तिने राजीनामा लिहिला. संपादकाने वाचला, घडी घातली आणि तिच्याच हातात ठेवला. "आज सोडलंस तर लोक म्हणतील, साहेबांनी बक्षीस म्हणून मोठ्या जागेवर नेली. राहिलीस तर म्हणतील, साहेबांचंच माणूस आहे. काय फरक पडतो? शपथविधी तरी कर."

आणि ती गेली. सोडून घरी बसली असती तर शेवटचं बोलायची संधीही गेली असती. अजूनही वाटत होतं, माणूस सगळ्यांसमोर उभा राहील, तेव्हा तरी लोकांना दिसेल. डोळ्यांना कोण खोटं पाडणार?

सभागृह गच्च भरलं होतं. बातमीदारांना एका कोपऱ्यात दोरीमागे उभं केलं होतं, खांद्याला खांदा, हलायला जागा नाही. साहेब आले. नवा कोट, शेजारी सचिव. अधिकारी शपथ वाचून दाखवणार आणि साहेब मागून म्हणणार. अधिकारी म्हणाला, "मी..." आणि थांबला, कारण पुढे आपलं नाव आपण घ्यायचं असतं.

"मी," साहेब म्हणाले.

आणि थांबले.

सभागृह वाट बघत होतं. साहेबांनी समोर पाहिलं, छताकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ओठ हलले, पण काही आलं नाही. तिचे डोळे भरून आले. बघा, ती मनात म्हणत होती, आता तरी बघा.

मागून सचिवाने वाकून काहीतरी पुटपुटलं. साहेबांनी चेहरा उजळून स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं, एखाद्या ओळखीच्या माणसाचं घ्यावं तसं. आणि सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

"क्या बात है!" स्टुडिओतला आवाज कानात आला. "काय थांबले! जुन्या खेळाडूचा विराम! आपल्या प्रतिनिधीला विचारू या, या थांबण्याचा अर्थ काय?"

"त्यांना स्वतःचं नाव आठवलं नाही," ती म्हणाली.

स्टुडिओत हशा पिकला. "आमच्या बाईंची ही खास शैली..."

मग साहेब खाली उतरले आणि गर्दी त्यांच्यावर कोसळली. हार, माईक, कॅमेरे, ओरडा. साहेब घाबरले. ते फक्त तिला दिसलं, बाकीच्यांना ते विनम्र वाटले. त्यांची नजर चेहऱ्यांवरून सैरावैरा पळत होती आणि तिच्यावर येऊन अडकली. तिचं नाव नव्हतं ठाऊक, नातं नव्हतं ठाऊक, पण चेहरा ओळखीचा होता, रोज टीव्हीवर दिसणारा. त्यांनी दोरीपलीकडून हात घालून तिचं मनगट धरलं. आणि सोडेनात.

"साहेब, सोडा," सचिव कानाशी म्हणाला. साहेबांनी जास्तच घट्ट धरलं, गर्दीत हरवलेलं पोर आईचं धरतं तसं. कॅमेरे चमकायला लागले. सचिवाने एका नजरेत हिशेब केला. "चला, बाई," म्हणाला. पहारेकऱ्यांनी दोरी उचलली, तिला पुढे ढकललं, आणि काय होतंय ते कळायच्या आत ती साहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर होती. कानातलं बोंडूक तुटून कुठेतरी पडलं. दारांना आपोआप कुलपं लागली. काचेबाहेर मामा कॅमेरा खांद्यावर घेऊन धावताना दिसला, मग दिसेनासा झाला.

"मला उतरवा," ती म्हणाली.

सचिव पुढच्या सीटवर होता. वळलाही नाही. "सगळ्या जगाने पाहिलं, साहेबांनी तुम्हाला हाताला धरून नेलं. आता उतरून कुठे जाणार? उद्यापासून तुमची खुर्ची घरातच. साहेब तुमच्याजवळ शांत राहतात. पगाराचं बोलू नंतर."

गाडी चालली होती. आत एवढी शांतता की साहेबांचा श्वास ऐकू येत होता. त्यांची पकड हळूहळू सैल झाली, पण हात तिथेच राहिला. ते तिच्याकडे बघत होते, आदराने, जसं पाहुण्याकडे बघतात.

"आपण काय करता?"

"मी बातम्या देते, साहेब."

"अरे वा! मग सांगा की. काय बातमी?"

पुढे सचिवाची मान थोडी ताठ झाली. तिने साहेबांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी, तिने काय सांगावं ते न सांगता, नुसतं विचारलं होतं.

"साहेब, तुम्ही आजारी आहात," ती म्हणाली. "तुम्हाला विसरायला होतं. सारखं सारखं. आज सगळ्यांसमोर तुम्हाला तुमचं नाव आठवलं नाही."

साहेबांनी ते नीट ऐकलं. त्यांना राग आला नाही. हळूहळू त्यांचे डोळे ओले झाले, आणि त्यांनी मान हलवली, जसं फार दिवसांचं कोडं सुटावं.

"असं आहे होय," ते म्हणाले. "तरीच. मला वाटतच होतं काहीतरी. पण कुणी सांगतच नव्हतं." त्यांनी तिचा हात थोपटला. "तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. मला पटलं."

तिला रडू फुटलं. एवढा मोठा देश, एवढी चॅनल, आणि तिचं म्हणणं एका माणसाला पटलं होतं.

"मग मी ही खुर्ची घ्यायला नको," साहेब म्हणाले. "ड्रायव्हरला सांगा, वळव."

"साहेब, थोडा वेळ डोळे मिटा," सचिव पुढून म्हणाला. "प्रवास लांबचा आहे."

"वळवा!" ती ओरडली. "ऐकलंत ना, ते काय म्हणाले!"

"काय म्हणाले?" सचिवाने आरशातून पाहिलं. "साहेब, काही म्हणालात?"

साहेबांनी सचिवाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, बाहेर पळणाऱ्या झाडांकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली. ते शोधत होते, तिला दिसत होतं, आता होतं ते, इथेच होतं. मग आठी गेली आणि चेहऱ्यावर तो गोडवा पसरला.

"नाही नाही. तुम्ही सगळं जाणताच."

पुढे फाटक दिसायला लागलं. पहारेकरी ते दोन्ही बाजूंनी उघडत होते, आणि बाहेर सगळे चॅनलवाले माईक घेऊन उभे होते. गाडी आत शिरली. फाटक लागलं. आत ती कितीदा आली होती, पण बाहेर पडता येणार नाही अशी पहिल्यांदाच.

साहेबांनी तिच्या हातावर थोपटलं आणि वाकून, मोठ्या कौतुकाने विचारलं,

"आपण काय करता?"